थोरल्याच्या गाण्यावरचा ठराव

सरांच्या घरी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "थोरल्याचं कळलं का?"

नव्या माणसाला वाटायचं, सरांच्या थोरल्या भावाचं काहीतरी बरंवाईट झालं. आमच्या शाळेत नवा आलेला क्लार्क असाच फसला. बिचारा तोंड पाडून सरांशेजारी बसला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "कधी झालं, सर?" सर म्हणाले, "परवा. गुडघ्याचं ऑपरेशन. आता उभा ऱ्हाऊन गातो का बसून, एवढंच बघायचं हाय." क्लार्क म्हणाला, "तुमचे बंधू गातात?" त्यावर सरांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की पुढं वर्षभर स्टाफरूममध्ये तो सरांच्या बाजूला बसला नाही.

थोरला म्हणजे विलायतेतल्या एका रॉक बँडचा गायक. गिटारवाला तो धाकला, ड्रमवाला तो तात्या. चौथा केव्हाच वारला होता, त्याला सर नुसतं 'आपला गेलेला' म्हणायचे. उरलेले तिघं पंचाहत्तरीच्या पुढचे. बँडचं नाव मात्र सरांनी कधी उच्चारलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसा प्रकार. मीही घेत नाही, आता सवय झाली.

मी चित्रकलेचा मास्तर, मूळचा राजूरचा. डोंगरातून उतरून श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात नोकरीला आलो तेव्हा बँड म्हणजे लग्नात वाजतो तो, एवढंच मला ठाऊक. सर गणित शिकवायचे. आम्ही दोघं एकाच चर्चचे. तिथं सर गायचे आणि मी पेटी वाजवायचो. ओळख झाली आणि मग सुटका नव्हती. दुसऱ्याच रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी मला घरी नेलं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या मॅडमनी, पोहे दिले. पोहे संपायच्या आत सरांनी दार लावून घेतलं. मला वाटलं, काही खासगी बोलायचंय. बोलायचं काही नव्हतं हो, कॅसेट लावायची होती.

ती कॅसेट सरांना नगरला बोर्डिंगात असताना मिळालेली. कुणा परदेशी पाहुण्यानं मागं ठेवलेली. तिच्यावर बँडचं गाणं होतं आणि गाण्याच्या शेवटावर कुणीतरी प्रवचन भरलं होतं. गाणं ऐन भरात आलं की खट्ट आवाज व्हायचा, एक पाद्री खोकायचा आणि गंभीरपणे बोलायला लागायचा. सर बारा वर्षं समजत होते की गाणं तसंच आहे! बोर्डिंगातल्या पोरांना त्यांनी त्या खोकल्याचा अर्थसुद्धा समजावून दिला होता. पुढं खरं गाणं पुरतं ऐकायला मिळालं तेव्हा सर नाराज झाले. "शेवट पाडला त्यांनी," मला म्हणाले, "खोकल्याबिगर मजा न्हाई."

आता आमच्या नगर जिल्ह्याचा एक स्वभाव आहे. इथं दोन माणसं एकत्र आली की तिसऱ्याला अध्यक्ष करून सोसायटी काढतात. सर तर शाळेच्या पतसंस्थेचे वीस वर्षं चिटणीस. त्यांनी चाहत्यांची सोसायटी काढली. सभासद चार. अध्यक्ष होते ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचे दुकानदार. त्यांच्याकडं टेम्पोत लावायचे भलेमोठे स्पीकर होते, ही त्यांची पात्रता. दुसऱ्या सिस्टर, म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. थोरल्याचा फोटो पहिल्यांदा बघून त्या म्हणाल्या होत्या, "याला कावीळ झालीय," आणि तेव्हापासून त्या त्याची काळजी करत आल्या. तिसरा मी. आणि चिटणीस अर्थातच सर.

सभा दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, अर्धं शटर ओढून. आधी मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं. मग गाणं. तीनदा ऐकायचं: पहिल्यांदा उभं राहून, दुसऱ्यांदा बसून, तिसऱ्यांदा डोळे मिटून. त्याआधी तोंड उघडायचं नाही. मग प्रत्येकानं अभिप्राय द्यायचा आणि अभिप्रायाचा ठराव करायचा. सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं प्रोसिडिंगमध्ये. एकदा आम्ही तिघंही आलो नाही, तर सरांनी गणसंख्येअभावी सभा तहकूब केली, अर्धा तास एकटेच बंद दुकानाबाहेर ऑइलच्या डब्यावर बसले, आणि नियमाप्रमाणं त्याच जागी तहकूब सभा सुरू करून एकट्यानं गाणं ऐकलं. त्या सभेला विरोध नोंदवला गेला नाही.

ठरावात कुणाचं नाव घालायचं नाही, हा त्यांचा दंडक. "व्यक्तीच्या नावानं ठराव होत न्हाई. सर्वसाधारण भाषा पायजे. पतसंस्थेत एकदा नाव घातलं, कोर्टात जावं लागलं." त्यामुळं धाकल्यानं केस काळे केले तेव्हा आमचा ठराव झाला, 'सत्तरीपुढील गिटारवादकांनी कलप लावू नये.' आणि ठराव झाला की तो आपल्यालाही लागू, हे सरांचं दुसरं खूळ. 'कार्यक्रमात मोबाईल वर धरून शूटिंग करू नये' असा ठराव आम्ही विलायतेतल्या प्रेक्षकांसाठी केला. ते प्रेक्षक काय ऐकणार, कपाळ! पण पुढं भाचीच्या लग्नात मॅडम ओरडून दमल्या, "अहो, एक तरी फोटो काढा!" सरांनी मोबाईल खिशातून काढला नाही तो नाहीच.

यूट्यूबवर जगभरचे चाहते काय लिहितात, ते सर मला वाचायला लावायचे आणि चिडायचे. "वेळ बघ आधी. गाणं येऊन किती झालं? चाळीस सेकंद. आणि हा म्हणतोय, रात्रभर रडलो!" एक म्हणायचा, हे शतकातलं सर्वोत्तम गाणं. त्याच्या खालचा म्हणायचा, यांनी तीस वर्षांपूर्वीच घरी बसायला हवं होतं. तिसरा म्हणायचा, हे गाणं माणसानं नाही, कॉम्प्युटरनं म्हटलंय. चौथ्याला फक्त सांगायचं असायचं की तो बारा वर्षांचा आहे आणि तरीही त्याला जुनी गाणी आवडतात. सर म्हणायचे, "ह्यांना अध्यक्ष न्हाई ना, म्हणून ही गत."

तर असं सगळं मजेत चाललेलं असताना आमच्या चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली.

आमच्याकडं नाताळच्या सकाळच्या उपासनेत पहिलं गीत एकट्यानं म्हणायचं असतं. शेवटच्या कडव्याला सूर एकदम वर चढतो आणि तिथं सगळी मंडळी उठून उभी राहते. पस्तीस वर्षं हे गीत सरांचं. माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "बेलापूर म्हणजे ते मास्तर गातात तेच चर्च का?" पण आदल्या नाताळला सरांचा आवाज त्या वरच्या सुरावर फाटला. चक्क फाटला. पुढच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली, आणि माणसं उठावं की बसावं अशी अर्धवट उभी राहिली. सर मात्र शेवटपर्यंत गायले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "आज जरा थंडी हुती."

येत्या नाताळला उपासना मोबाईलवरून सगळीकडं दिसणार होती, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना. चर्चच्या पंच कमिटीचं म्हणणं पडलं, गीत एका मुलीला द्यावं. ती पुण्याला गाणं शिकत होती, आवाज खणखणीत. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्र्यांनी, मला बाजूला घेतलं. "तुम्ही त्यांचे माणूस. तुम्हीच सांगा, गोडीत." मी हो म्हणालो. का म्हणालो देव जाणे. माझा स्वभावच मेला असा, समोरचा मोठ्या पदाचा असला की मान आपोआप हलते.

तीनदा सरांच्या घरी गेलो. पहिल्यांदा चिवडा खाल्ला. दुसऱ्यांदा चकली. तिसऱ्यांदा सरांनी नाताळच्या गीताचा नवा मुखडा काढून दाखवला आणि विचारलं, "पेटीवर पट्टी अर्धा सूर खाली घेता येईल का रं? वरचं जरा जड जातं." एवढं आयतं दार उघडलं होतं त्यांनी! मी काय म्हणालो? "घेऊ की, सर." आणि चहा पिऊन आलो.

त्याच आठवड्यात बँडचं नवं गाणं आलं. कितीतरी वर्षांनी. सरांनी सकाळी सहाला फोन केला, "दुपारी सभा. विषय एकच."

शटर ओढलं, अध्यक्षांनी स्पीकर लावले, आम्ही उभे राहिलो. गाणं संथ होतं. थोरल्याचा आवाज घोगरा, जागोजागी विरलेला. शेवटाकडं सूर वर न्यायची जागा आली आणि थोरला वर गेलाच नाही. त्यानं ते शब्द नुसते बोलून टाकले, दमलेला माणूस पायरीवर बसून बोलतो तसे. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, असं गाणं मी त्या बँडचं कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. मग सर म्हणाले, "आणिक एकदा लावा." अध्यक्ष गडबडले. "सर, नियमात तीनदाच हाय की." सर म्हणाले, "अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचा विषय. लावा." चौथ्यांदा लावलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि गाणं संपेपर्यंत घातलाच नाही.

मग अभिप्राय. पहिला माझा नंबर.

आणि मला वाटलं, हीच संधी! थोरल्याच्या आडून बोलून टाकावं, समजणाऱ्याला समजेल, आपल्याला वाईटपणा नाही. मी खाकरलो आणि म्हणालो, "आवाज गेलाय हो. ऐकवत नाही. माणसानं मान असेपर्यंत थांबावं. लोक हसायच्या आत." म्हणताना मी स्पीकरकडं बघत होतो.

सिस्टरनी मान हलवली. "मलाबी बघवत न्हाई त्याचे हाल. त्यानं आता आराम करावा, गोळ्या येळेवर घ्याव्या." अध्यक्ष म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? तुमी शिकलेली मान्सं. बहुमत हाय तिकडं मी."

मग सरांनी प्रोसिडिंग पुढं ओढलं. "सूचकानं शब्द सांगावेत. लिहायचंय."

मी म्हणालो, "बँडनं यापुढं गाऊ नये."

"नाव घालता येत न्हाई. सर्वसाधारण सांग."

"तुम्हीच लिहा ना, सर."

"शब्द सूचकाचे असतात."

काय करणार? सांगितले. एकेक शब्द सांगत गेलो आणि सर त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहीत गेले. 'ज्या गायकाचा आवाज वयोमानाने वर जात नाही, त्याने जाहीर गायन थांबवावे.' अनुमोदक सिस्टर. सरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हात वर करायला सांगितले. मी केला, सिस्टरनी केला, अध्यक्षांनी इकडंतिकडं बघून केला. चिटणीस या नात्यानं सर कधी मत देत नसत. त्या दिवशी त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात वर केला. "सर्वानुमते मंजूर," म्हणाले, आणि तेच लिहिलं. त्यानंतर चहा झाला. सरांनी माझ्या कपात अर्धी साखर घालायला सांगितली, कारण मला डॉक्टरनं कमी सांगितली होती, ते त्यांच्या लक्षात होतं.

मला घरी जाताना काय वाटलं सांगू? सुटलो असं वाटलं. शीळ घालत गेलो मी, शीळ!

रविवारी तालमीला सर आले, गीताची वही त्या मुलीच्या हातात दिली आणि तिला समजावून सांगायला लागले, कुठं श्वास घ्यायचा, कुठं घ्यायचा नाही. पाळकसाहेबांनी लांबून माझ्याकडं बघून मान डोलावली. नंतर गाठून म्हणाले, "छान सांगितलंत. जराही वाईट वाटू दिलं नाहीत त्यांना." मी म्हणालो, "त्यात काय एवढं."

पंधरा दिवसांनी मॅडम शाळेच्या फाटकाशी भेटल्या. मुद्दाम थांबल्या होत्या. "एक विचारू? यांचं काही बिनसलंय का शाळेत?"

"नाही हो. का?"

"घरात गुणगुणत नाहीत. तीस वर्षं झाली लग्नाला, पहाटे बाथरूममधून गाण्याचा आवाज आला की मी चहा टाकते. आता नुसता पाण्याचा आवाज येतो. मी म्हटलं, घसा दाखवून या. श्रीरामपूरला नेलं, डॉक्टर म्हणाला, घसा उत्तम आहे." त्यांचे डोळे भरून आले. "तुम्ही विचारा ना. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील! ऐकलंच होतं की त्यांनी. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्या दुपारी मी अध्यक्षांना फोन करून खास सभा बोलवायला लावली. नाताळला दहाएक दिवस होते. शटर ओढलं. मी उभा राहून म्हणालो, "तो ठराव मी मागं घेतो."

सर म्हणाले, "कारण लिहावं लागतं."

"कारण... फेरविचार."

"हे कारण न्हाई. फेरविचार कशामुळं?"

मग मी सगळं ओकलो. पाळकसाहेब, पंच कमिटी, चिवडा, चकली, सगळं. "गाणं मला आवडलं होतं, सर. अंगावर काटा आला होता माझ्या. मी खोटं बोललो. तुम्हाला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून थोरल्याला मधे घातला."

अध्यक्ष म्हणाले, "आयला! म्हंजी त्यो ठराव सरांवर हुता व्हय?" सिस्टरनी तोंडावर पदर धरला. "आन मी अनुमोदन दिलं, देवा."

सरांनी पेन खाली ठेवलं. "मला ठावं हुतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तू मानाचं बोललास तवाच. थोरल्याच्या मानाची तुला कधी काळजी पडली हुती?"

अध्यक्षांनी घाईघाईनं ठराव रद्द करून टाकला, सगळ्यांचे हात वर, सर्वानुमते. "आता नाताळला तुमीच गायचं, सर. मी येनार ऐकायला. केक न्हाई मिळाला तरी चालंल." सर म्हणाले, "बघू." आणि इतिवृत्त पुरं करून सही केली.

नाताळच्या सकाळी चर्च खच्चून भरलं होतं. अध्यक्ष नवा शर्ट घालून दुसऱ्या बाकावर. मोबाईल तिपाईवर चढवलेला. मी पेटीवर मुखडा धरला, अर्धा सूर खालच्या पट्टीत, सरांनी मागितला होता तसा. सर तिसऱ्या बाकावर बसले होते. मी मुखडा एकदा वाजवला, दोनदा वाजवला. पाळकसाहेब माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागले. मी तिसऱ्यांदा वाजवला. तेव्हा सर उठले. मला वाटलं, गाणार! त्यांनी त्या मुलीकडं बघून हात पुढं केला, ये म्हणून. मला खूण केली, पट्टी वर घे. आणि खाली बसले.

मुलगी गायली. सुरेख गायली, नावं ठेवायला जागा नाही. शेवटचा सूर असा लागला की मंडळी एका झटक्यात उभी राहिली, सर सगळ्यांच्या आधी. बाहेर केकच्या बश्या फिरत होत्या तेव्हा त्यांनी तिला शाबासकी दिली, "झकास. तिसऱ्या कडव्याला श्वास तेवढा लवकर घे." मग माझ्याकडं वळले.

मी म्हणालो, "सर, ठराव तर रद्द झाला होता."

"व्हय."

"मग का नाही गायलात?"

सरांनी केकचा तुकडा मोडला. "तू येऊन तोंडावर सांगितलं असतंस, 'सर, तुमचा आवाज फाटतोय, थांबा,' तर मी भांडलो असतो तुझ्याशी. दोन म्हैने बोललो नसतो. पाळकाला शिव्या घातल्या असत्या. आणि गायलो असतो, फाटक्या आवाजात गायलो असतो. तू मला भांडूच दिलं न्हाईस रं. माझ्याच हातानं लिहून घेतलंस. आता कागदावरचं खोडलं तरी कानातलं खोडत न्हाई." आवाज चढला नव्हता. उलट माझ्या शर्टावर पडलेला केकचा चुरा त्यांनी झटकला.

मी बशीतला केक खाऊन संपवला, त्यांच्या घरी चिवडा संपवला होता तसाच.

मार्चमध्ये बँडचं आणखी एक गाणं आलं. आमचा ठराव झाला काय, रद्द झाला काय, त्या तिघांना कुठं पत्ता? जगभरच्या चाहत्यांनी नेहमीप्रमाणं रडून, शिव्या घालून घेतलं. आम्ही शटर ओढून उभे राहिलो. थोरल्याचा आवाज आणखी बसला होता. वर न्यायच्या जागेच्या कितीतरी अलीकडंच तो बोलायला लागला. तिसऱ्यांदा, डोळे मिटून ऐकायची पाळी आली तेव्हा मी हळूच डोळे उघडले. सरांचे ओठ हलत होते. शब्दन्‌शब्द म्हणत होते ते. मी जवळ सरकून कान दिला, आवाज नव्हता.

सिस्टरनीही ते पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "सर, म्हणा की मोठ्यानं. आपणच तर हाय."

सरांनी डोळे न उघडता मान हलवली आणि स्पीकरकडं बोट दाखवलं, त्याचं ऐका म्हणून.

मला थोरल्याचं ऐकायचं नव्हतं.